'शेव्ह' दाढीपर्यंत पोचला कसा?

पटाशी

दिवाळीत कोल्हापूरला घरी गेलो तेव्हा माळ्यावरची बाबांची हत्यारांची पेटी खाली काढली. बाबा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत ठसा घ्यावा लागतो, त्या ठशासाठी लाकडी नमुना घडवायचा हे त्यांचं काम. पेटीत रंधे, पटाश्या, कानशी, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक हत्यार निघालं. मधे दोन बोटं रुंद पातं आणि दोन्ही बाजूंना पक्ष्याच्या पंखांसारख्या मुठी. बाबा त्याला नुसतं 'शेव' म्हणतात. लहानपणी "शेव आण रे" अशी हाक आली की मी आधी स्वयंपाकघराकडे पळायचो.

याचं इंग्रजी नाव स्पोकशेव्ह. स्पोक म्हणजे चाकाचा आरा. आरा गोलसर करायला साधा रंधा चालत नाही, तो सपाट जागेचा राजा. वळणावर हेच हत्यार लागतं. दोन्ही मुठी धरून अलगद ओढलं की लाकडाची कांद्याच्या सालीइतकी पातळ सुरळी पात्यावरून वर येते.

पेटी पुसता पुसता मनात आलं, दाढीचा शब्द सुताराच्या पेटीत काय करतोय? मग महिनाभर कोश आणि व्युत्पत्तीची पुस्तकं चाळली, आणि प्रश्नच उलटा निघाला. शब्द मूळचा सुताराच्या कामाचा, दाढीकडे तो नंतर वळला.

जुन्या इंग्रजीत याचं रूप साधारण 'शावन' असं होतं. अर्थ खरवडणं, तासणं, घासून गुळगुळीत करणं. लाकूड, चामडं, काहीही. डोक्याचे केस किंवा मेंढीची लोकर कापायला तेव्हा वेगळं क्रियापद चालायचं, त्याचंच आजचं रूप 'शिअर'. केस आणि दाढी मुळापासून काढण्याचा अर्थ 'शेव्ह'ला मध्ययुगात घट्ट चिकटला आणि मग त्यानं बाकीच्या अर्थांना मागे सारलं. आज शेव्ह म्हटलं की आरसा, फेस आणि पातंच डोळ्यांपुढे येतं. पण इंग्रजीच्या बहिणींकडे पाहा. डच भाषेत 'स्खाव्हन' म्हणजे अजूनही लाकूड रंधणं, आणि रंध्याला तिथे 'स्खाफ' म्हणतात. चीजच्या पातळ चकत्या काढायच्या त्यांच्या उलथन्यासारख्या हत्याराच्या नावातही हाच 'स्खाफ' आहे. गुडघा खरचटला तर त्या जखमेलाही तोच शब्द. जर्मनमधला 'शाबन' म्हणजे खरवडणं. नॉर्स लोकांचा, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्यांचा, 'स्काफा', गॉथिकमधला 'स्काबान', सगळे एकाच घरचे. लॅटिनमध्ये 'स्काबेरे' म्हणजे खाजवणं, खरवडणं. तिथून पुढे काय काय निघालं ते खाली सांगतो.

आधी व्याकरणातली एक गंमत. हे क्रियापद पूर्वी आतला स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या गटातलं होतं, 'शेक'चं 'शुक' होतं तसं. पुढे ते सरळ 'शेव्ह्ड'वर आलं. जुन्या वळणाचा एकच अवशेष राहिला, 'शेव्हन', आणि तोही बहुतेक 'क्लीन' या विशेषणाच्या आधारानं. आपण मराठीत "तो क्लीन शेव्ह असतो" म्हणतो तेव्हा शेवटचा 'न' गाळून हा अवशेषही पुसून टाकतो. आपल्याकडे 'सफाचट' आणि 'तुळतुळीत' असताना त्याची गरजही नाही म्हणा.

आता खाजेकडे येतो. लॅटिन 'स्काबेरे'पासून 'स्केबीज', म्हणजे खरूज. जखमेवरच्या खपलीला इंग्रजीत 'स्कॅब' म्हणतात, तो शब्द नॉर्समधून आला. मूळ इंग्रजीत 'स्क'चा 'श' होत असे, नॉर्समध्ये 'स्क' तसाच राहिला. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' हा एकच शब्द दोन दारांतून आला, तसंच इथेही झालं: नॉर्सच्या दारानं 'स्कॅब' आणि घरच्या दारानं 'शॅब'. शॅब म्हणजे खपली, पुढे खरजुल्या, फालतू माणूस. त्यापासून सतराव्या शतकात 'शॅबी'. म्हणजे कळकट कपड्यांना आपण शॅबी म्हणतो आणि गुळगुळीत गालांना शेव्ह म्हणतो, ते दोन्ही शब्द एकाच आज्याची नातवंडं!

मला सगळ्यात जास्त आवडलं ते मराठीतलं 'तासणे'. सुतार लाकूड तासतो, आई गाजर तासते, आम्ही शाळेत पेन्सिल तासायचो, आणि बाबा रविवारी सकाळी म्हणायचे, "जरा दाढी तासून येतो." 'तासणे' आलं संस्कृत 'तक्ष्'वरून. तक्षन् म्हणजे सुतार. ग्रीकमधला सुतार 'टेक्टोन' हा त्याचाच भाऊ, आर्किटेक्टच्या पोटात बसलेला. 'शेव्ह' आणि 'तासणे' यांची मुळं वेगळी, एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. तरी दोघांनी वाट तीच धरली, लाकडावरून गालावर. धारेचं पातं कडेनं धरून वरचा पापुद्रा तेवढा काढायचा, आतल्याला धक्का लावायचा नाही, हे काम दोन्हीकडे एकच आहे.

तुमच्याकडे दाढीसाठी, वस्तऱ्यासाठी, तासण्या-खरवडण्यासाठी कोणते शब्द आहेत? लिहा. मला जमवायचे आहेत.

सांजवारा

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. रोज दहा वेळा 'स्केबीज' लिहिते आणि त्याचं दाढीशी नातं असेल हे कधी मनात आलं नव्हतं. नाव किती नेमकं आहे बघा. हा आजार होतो एका डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीमुळे. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते आणि रात्री खाज अनावर होते. नावात मात्र किडीचा पत्ता नाही, फक्त खाजवणं आहे. नाव ठेवणाऱ्यांना कीड दिसलीच नव्हती, त्यांना हात चालताना दिसत होता. आपल्याकडेही तसंच. संस्कृत 'खर्जू' म्हणजे खाज, त्यावरून 'खरूज' आणि 'खाज' दोन्ही.

जाता जाता कामाचं सांगते. घरात एकाला खरूज झाली की सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं, नाहीतर ती घरभर फिरत राहते. आणि दाढीनंतर गालावर पुळ्या येत असतील तर पातं केसांच्या दिशेनं फिरवा, उलटं नको.

बाराखडी

पटाशी, धागा फार आवडला. एक शंका आहे. 'बार्बर' आणि 'बार्बेरियन' एकच का? कॉलेजात एका सरांनी सांगितलं होतं की रोमन लोक दाढी करायचे, रानटी लोक करत नसत, म्हणून दाढीवाले ते बार्बेरियन.

अक्षरवेडी

बाराखडी, नाही हो. 'बार्बर' लॅटिन 'बार्बा'पासून, म्हणजे दाढी. 'बार्बेरियन' ग्रीक 'बार्बारोस'पासून. ज्यांचं बोलणं ग्रीकांना नुसतं 'बर्बर' असं ऐकू यायचं ते परके लोक. संस्कृतातला 'बर्बर' त्याच्याच जवळचा. दोन शब्द कानाला सारखे लागतात, एवढंच. सरांची गोष्ट लक्षात राहायला चांगली आहे, पण वडाची साल पिंपळाला लावल्यासारखी आहे.

पटाशी, तुम्ही 'शेव्ह' उलगडलात, मी 'रेझर' घेते, कारण तो थेट आपल्या गणपतीपर्यंत येतो.

'रेझर' फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन 'राडेरे', अर्थ पुन्हा खरवडणं. लिहिलेलं खरवडून काढणं म्हणजे 'इरेज', म्हणून शाळेतला इरेझर आणि न्हाणीघरातला रेझर सख्खे. इमारत भुईसपाट करणं म्हणजे 'रेझ'. झिजणं, घासलं जाणं म्हणजे 'अब्रेजन'. रोमन मुलं मेणाच्या पाटीवर लिहायची आणि मेण खरवडून पाटी कोरी करायची, ती कोरी पाटी म्हणजे 'टॅब्युला रासा'.

याच्या शेजारचं लॅटिन क्रियापद 'रोडेरे', कुरतडणं. त्यावरून 'रोडंट', म्हणजे उंदीर आणि त्याचं गोत. संस्कृतात 'रद्' म्हणजे खणणं, ओरखडणं, कुरतडणं. जे कुरतडतं ते 'रद', 'रदन', म्हणजे दात. अमरकोशात दातांची नावं येतात ती अशी: रदना, दशना, दन्ता, रदाः. दोन सुळे असलेला हत्ती तो 'द्विरद', आणि आपला बाप्पा 'एकरदन'. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांना एका मूळ धातूखाली लावतात. म्हणजे बाप्पाच्या नावातलं 'रदन', त्याच्या पायाशी बसलेल्या उंदराचं इंग्रजी कूळनाम, आणि आरशापुढचं रेझर एका गोत्रातले! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसती बसले होते.

वस्तऱ्याला संस्कृतात 'क्षुर'. ग्रीकमध्ये 'क्सुरॉन', तोच शब्द. मराठीत 'क्ष'चा 'स' किंवा 'श' झाला, क्षेत्राचं शेत झालं तसं क्षुरिकेची झाली सुरी. हिंदीनं तिची छुरी केली. 'क्षौर' हा शब्द तेवढा संस्कृतातून जसाच्या तसा राहिला. 'वस्तरा' मात्र फारसी 'उस्तुरा'.

थर्डमॅन

क्रिकेटकडे कुणी गेलंच नाही अजून! चेंडू स्टंपला अगदी निसटता घासून गेला की इंग्रजी समालोचक म्हणतो, चेंडूनं ऑफ स्टंप 'शेव्ह' केला. रेडिओवर मराठीत ऐकलेलं वाक्य, "चेंडू यष्टीला चाटून गेला." त्यांनी पातं फिरवलं, आपण जीभ फिरवली. गोळीसुद्धा कानाला चाटून जाते.

'क्लोज शेव्ह' म्हणजे थोडक्यात वाचणं, तेही यातूनच आलं असावं ना?

पटाशी

थर्डमॅन, हो. 'शेव्ह'चा एक अर्थ झाला ओझरता स्पर्श, आणि 'थोडक्यात सुटका' हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापील इंग्रजीत दिसतो. पातं कातडीवरून गेलं पण कातडी कापली नाही. आपलं "जिवावरचं शेपटावर निभावलं" हे त्याहून मोठ्या संकटाचं. इथे काहीतरी गेलं, पण जीव राहिला.

'शेव्ह'ला थोडंसं कमी करणं हाही अर्थ आहेच. धावपटू विक्रमातून दोन सेकंद शेव्ह करतो, दुकानदार भावातून चार पैसे. आणि बर्फाचा गोळा म्हणजे शेव्ह केलेला बर्फच की! चौपाटीवर गोळेवाल्याचं हत्यार नीट पाहा, उलटा ठेवलेला रंधा असतो. लादी त्यावरून घासतात आणि बर्फाचा कीस खाली पडतो.

धोकटी

नाव बघून ओळखलं असेल. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात न्हाव्याचं काम करायचे. घर चालायचं बलुत्यावर. वर्षभर सगळ्या गावाची डोकी आणि दाढ्या, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. मी पोरवयात त्यांची धोकटी धरून मागे मागे जायचो. धोकटी म्हणजे चामड्याची कप्पेवाली पिशवी. आत दोन वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, छोटा आरसा, निसणा म्हणजे धार लावायचा दगड, आणि पितळी वाटी.

साबण नव्हता. पाराच्या कट्ट्यावर माणूस उकिडवा बसायचा, आजा समोर उकिडवा. वाटीतलं पाणी बोटांनी गालावर घेऊन चोळत राहायचं, चांगली पाच-सात मिनिटं. मी विचारायचो, एवढा वेळ कशाला? आजा म्हणायचा, "केस मऊ झाला की वस्तरा आपसूक चालतो, नाहीतर माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं." मग वस्तरा निसण्यावर, मग तळहातावर चार वेळा उलटासुलटा, आणि स्वतःच्या मनगटावरचा एक केस उडवून बघायचा. उडाला तरच गालाला लावायचा. "बिनपाण्यानं हजामत करणे" हा वाक्प्रचार लोक कुणाची खरडपट्टी काढली की सहज वापरतात. आजाचं पाणी चोळणं ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यातली वेदना कळते. कोरड्या गालावर वस्तरा म्हणजे काय ते!

आता शब्दांचं. 'हजामत' अरबी 'हिजामा'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ दाढी नाही. हिजामा म्हणजे तुंबडी लावून अंगातलं रक्त ओढून काढण्याचा उपचार. तो करणारा हज्जाम. एकाच धारदार हत्याराचा माणूस रक्तही काढायचा आणि केसही. म्हणून फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत हजामत म्हणजे डोकं-दाढी असा अर्थ झाला. युरोपातही हेच. इंग्लंडात १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात बार्बर आणि सर्जन यांची एकच कंपनी केली होती, ती १७४५ मध्ये फुटली. तिथे सर्जनला आजही डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणतात, ते त्या जुन्या वेगळेपणातून. आमच्या घरातही आजा गळू फोडायचा, काटा काढायचा. रात्री-अपरात्री लोक बोलवायला यायचे.

'न्हावी' शब्दाचं मूळ सगळ्यांना माहीत असावं असं मला वाटतं. संस्कृतात 'नापित', पालीत 'नहापित', प्राकृतात 'ण्हाविअ'. त्यात 'स्ना' धातू आहे, आंघोळ घालण्याचा. म्हणजे न्हावी हा मुळात न्हाऊ घालणारा. नावात वस्तरा नाहीच, पाणी आहे. बुद्धाच्या संघातले उपाली शाक्यांचे न्हावी होते, आणि पहिल्या संगीतीत, म्हणजे बुद्धानंतरच्या भिक्षूंच्या पहिल्या सभेत, विनयाचे म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे नियम त्यांनी सांगितले. आमच्या सेना महाराजांनी तर धंद्यालाच अभंगात बसवलं, "आम्ही वारीक वारीक, करू हजामत बारीक", आणि पुढे विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा. धोकटीतल्या एकेका वस्तूला त्यांनी अर्थ दिला. आजा धोकटी उघडताना हा अभंग पुटपुटायचा.

एक मनापासूनची विनंती. 'हजाम' हा शब्द शिवीसारखा वापरू नका. 'नाभिक' म्हणा, 'न्हावी' म्हणा.

अक्षरवेडी

धोकटीदादा, हा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यांना केशवपनाचंही लिहायला सांग.

धोकटी

ताई, आईंना नमस्कार सांगा. ते ओझं आमच्या घरात बोललं जायचं. विधवा झालेल्या बाईच्या, कधी कधी तर पोरीच्या, डोक्यावरून वस्तरा फिरवायचं काम आमच्याच माणसांकडून करवून घेतलं जाई. १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन हे काम करणार नाही असा निर्धार केला. सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांचा त्यात पुढाकार होता. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपल्या मिळकतीवर पाणी सोडून हे केलं, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं. 'वपन' हा शब्द ऐकला की मला अजून कसंतरी होतं.

अक्षरवेडी

खरंय. आणि भाषेनं तिथेही मंगल शब्द पांघरला. 'भादरणे' घ्या. संस्कृतात मुंडनाला 'भद्राकरण' म्हणत, भद्र म्हणजे शुभ. लहान मुलाचं जावळ काढतात त्या शुभकार्याचा हा शब्द. मराठीत त्याचं भादरणे झालं आणि मेंढ्या भादरण्यापासून माणसाला लुबाडण्यापर्यंत घसरला. इंग्रजीतही शेव्हचा एक अर्थ लुबाडणं असा होता. गिऱ्हाइकाची हजामत, गिऱ्हाइकाला भादरणं, गिऱ्हाइकाला शेव्ह करणं. तीन भाषांच्या तीन शब्दांना हा एकच अर्थ फुटावा!

गोंयकार

'दाढी करणे' याबद्दल कोणी बोललं नाही. परक्याला मराठी शिकवताना अडायला होतं. भाजी करणे म्हणजे भाजी तयार होते. दाढी करणे म्हणजे दाढी जाते! मला वाटायचं हे आपलंच वेगळेपण. मग आमच्या घरातल्या जुन्या पोर्तुगीज शब्दकोशात 'फाझेर अ बार्बा' सापडलं, शब्दशः 'दाढी करणे', अर्थ तोच. इटालियनमध्येही 'फार्सी ला बार्बा'. 'श्मश्रू'चंही तसंच. संस्कृतात श्मश्रु म्हणजे दाढीमिशी, मराठीत श्मश्रू केली म्हणजे ती काढली.

बाराखडी

मग 'दाढी' आणि 'दाढ' यांचं काय? आता मला विचारायची भीती वाटायला लागली आहे.

अक्षरवेडी

भीती कसली, विचारा की. तुमच्या शंकेमुळेच 'बार्बर'चं स्पष्ट झालं. 'दाढ' आली 'दंष्ट्रा'वरून. 'दाढी' आली 'दाढिका'वरून, आणि तो शब्द मनुस्मृतीतही आहे. 'दाढिका' संस्कृतात असली तरी तिचं रूप प्राकृताच्या वळणाचं आहे, आणि जिथे दाढा त्या जबड्यावरचे केस ती दाढी हे पटण्यासारखं आहे. म्हणजे रेझरच्या घरातही दात आणि दाढीच्या घरातही दात.

मिनेसोटाकर

इकडे अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगतो. लष्करात नव्या कोऱ्या सेकंड लेफ्टनंटला 'शेव्हटेल' म्हणायचे. नुकतीच कामाला जुंपलेली, अजून न सरावलेली खेचरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या शेपट्या भादरत असत, त्यावरून. दुसरी गोष्ट माझ्याच राज्यातली. 'बर्मा-शेव्ह' नावाचं ब्रश न लागणारं क्रीम इथलं. १९२५ ते १९६३ पर्यंत त्यांनी रस्त्याच्या कडेला ओळीनं छोट्या पाट्या लावल्या. गाडी पुढे जाईल तशी कवितेची एकेक ओळ वाचायची, शेवटच्या पाटीवर नाव. इथले म्हातारे शेजारी अजून त्या ओळी पाठ म्हणतात.

ब्लेडचंही सांगून टाकतो. किंग कॅम्प जिलेटचं टाकाऊ पात्याचं रेझर बाजारात आलं त्या १९०३ सालात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी ९० हजारांवर रेझर. घरी स्वतःची दाढी करणं सोपं झालं ते तिथून.

धोकटी

आणि न्हाव्याचं गिऱ्हाईक रोजचं होतं ते आठवड्याचं झालं ते तिथून. आमच्या गावात हे सगळं उशिरा आलं. सेव्हन ओ'क्लॉकची पाती मी पहिल्यांदा मास्तरांच्या घरी पाहिली. आजा ते पातं बोटावर धरून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "धार चांगली आहे, पण ह्याला निसता येत नाही."

सांजवारा

पटाशी, एक विचारायचं होतं. स्पोकशेव्ह आणि वस्तरा, दोन्हींत पातं किती कोनात धरायचं हे सारखंच असतं का? आम्हाला त्वचेचा पातळ थर काढताना नेमकं तेच जपावं लागतं, आणि त्या पद्धतीच्या नावातही 'शेव्ह' आहे. 'शेव्ह बायॉप्सी'.

पटाशी

सांजवारा, हे मला सांगता येईना म्हणून रविवारी बाबांना फोन केला. व्हिडिओवर घेतलं. ते आधी म्हणाले, "वस्तऱ्याचं न्हाव्याला विचार." मग मी धोकटीदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तळहातावर वस्तरा उलटासुलटा करण्याचं आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, आम्हीही तसंच करायचो म्हणाले, निसण्यावरून उतरलेली पटाशी तळहातावर.

मग उठून शेव घेऊन आले. पातं किती बाहेर ठेवायचं ते दाखवलं. शेव उलटी धरली, अंगठा तिच्या तोंडावरून, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीवरून, आडवा फिरवला. "बोटाला टोचलं तर जास्त आहे. नुसतं लागलं पाहिजे." खिशातून बसचं जुनं तिकीट काढून पातं आणि तोंड यांच्यामधल्या फटीत घातलं. तिकीट अडकलं नाही, सैलही पडलं नाही. कोनाचं विचारलं तर म्हणाले, कोन हत्यारात बसवलेलाच असतो, माणसानं फक्त दाब सांभाळायचा. वस्तऱ्यात कोन आणि दाब दोन्ही न्हाव्याच्या मनगटात, म्हणून ते काम आमच्यापेक्षा अवघड. धोकटीदादा, हे त्यांनी तुम्हाला मुद्दाम सांगायला सांगितलंय.

फोन ठेवताना विचारलं, कंपनीत याला कुणी शेव का म्हणायला लागलं? म्हणाले, "वस्ताद म्हणायचे. आम्हाला वाटायचं, शेवेसारख्या बारीक सुरळ्या निघतात म्हणून."

अक्षरवेडी

खायच्या शेवेचं मूळ 'सेविका', संस्कृतातली शेवयांसारखी वस्तू, इंग्रजीशी काही संबंध नाही. पण पटाशी, तुमच्या यादीत वस्तादांची व्युत्पत्तीही टिपून ठेवा. मी असते तर तीच आधी लिहिली असती.